२५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व प्रतिपिंड

रक्तातील २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व मोजण्यासाठी प्रयोगशाळेत वापरले जाणारे प्रतिपिंड. त्वचेत उन्हामुळे तयार झालेल्या किंवा आहारातून आलेल्या ड जीवनसत्त्वाचे यकृतात या रूपात परिवर्तन होते. ते रक्तात काही आठवडे टिकते, म्हणून शरीरातील साठा त्यावरून ठरवतात. अनेक तज्ज्ञ मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमहून कमी प्रमाणाला कमतरता मानतात. तीव्र कमतरतेमुळे मुलांना मुडदूस, तर प्रौढांना अस्थिमृदुता होते.

२५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्वाचा रेणू लहान (रेणुभार सुमारे ४००) असल्याने एकटा प्रतिकारयंत्रणेला चेतवत नाही. म्हणून प्रतिपिंडे मिळवण्यासाठी तो वाहक प्रथिनाला जोडून मेंढी, ससा किंवा उंदराला टोचतात. एकसारखी प्रतिपिंडे सातत्याने मिळवण्यासाठी कोलर व मिलस्टाइन यांची १९७५ मधील हायब्रिडोमा पद्धत वापरता येते.

चाचणी बहुधा स्पर्धात्मक असते. आधी जीवनसत्त्व रक्तातील बंधक प्रथिनापासून सोडवतात. मग ते आणि खूण लावलेले जीवनसत्त्व मर्यादित प्रतिपिंडांसाठी स्पर्धा करतात. खुणेचा संकेत क्षीण असेल, तर नमुन्यातील प्रमाण अधिक असते. जीवनसत्त्वाचे ड२ हे रूप नीट न ओळखणारे प्रतिपिंड ड२ची औषधे घेणाऱ्या रुग्णात प्रमाण कमी दाखवते. त्यामुळे संदर्भपद्धती म्हणून द्रव वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमिती यांचा संयुक्त वापर करतात.