पटावरील युद्धखेळांची जुनी नियतकालिके : एक ऐतिहासिक साधन

ज्या घटनेचे साक्षीदार हयात आहेत, तिच्या इतिहासाला साधनांची वाण पडत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या भूमिकाप्रधान पटखेळांचा इतिहास हा समज खोटा ठरवितो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या वर्गातील पहिला प्रकाशित खेळ १९७४ मध्ये निघाला. त्याचे दोघे कर्ते, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन, त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ हयात होते. तथापि खेळातील कोणती कल्पना मूळची कोणाची, याविषयी दोघांच्या कथनांचा मेळ बसला नाही. श्रेय व मानधन यांविषयीचा वाद १९७९ मध्ये न्यायालयात गेला व १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. तडजोडीने व्यवहाराचा प्रश्न सुटला. इतिहासाचा प्रश्न तसाच राहिला. त्याचा उलगडा करण्यास आज जी साधने सर्वांत उपयोगी पडतात, ती म्हणजे हौशी खेळाडूंनी घरच्या घरी काढलेली, वाचून टाकून देण्यासाठीच जन्मलेली पत्रके होत.

ही पत्रके निर्माण होण्याचे कारण त्या खेळांच्या स्वरूपातच होते. चार्ल्स रॉबर्ट्स यांच्या ‘ॲव्हलॉन हिल’ या संस्थेने १९५८ पासून पुठ्ठ्याच्या पटावरील युद्धखेळ बाजारात आणले. परंतु एका गावात असा खेळ जाणणारे दोघे भेटणेही दुर्मिळ होते. म्हणून १९६४ मध्ये त्या संस्थेने ‘द जनरल’ हे नियतकालिक सुरू केले आणि त्यात प्रतिस्पर्धी हवा असल्याच्या छोट्या जाहिरातींना जागा दिली. ॲलन कॅलहॅमर यांच्या ‘डिप्लोमसी’ या १९५९ मधील खेळाला तर सात खेळाडू लागत. ती अडचण टपालाने दूर केली. जॉन बोर्डमन यांनी १९६३ मध्ये ‘ग्रॉस्टार्क’ हे पत्रक काढले. खेळाडूंनी चाली डाकेने कळवाव्यात, संपादकाने त्यांचा निकाल लावून तो सर्वांना छापून पाठवावा, अशी ही पद्धत होती. अल्पावधीतच अशा पत्रकांचे जाळे पसरले आणि त्यांत चालींबरोबर नियमांवरील वाद, नकाशे, मंडळांची वृत्ते व परस्परांवरील टीकाही येऊ लागली.

या कागदाचे आयुष्य मुळातच अल्प होते. काही पत्रके सायक्लोस्टाईल यंत्रावर, तर काही स्पिरिटच्या यंत्रावर जांभळ्या शाईत काढलेली असत. ही जांभळी शाई उजेडात फिकी पडते, स्वस्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, टाचण्या गंजतात. प्रती थोड्या निघत, आणि खेळ संपला की अंक जपण्याचे प्रयोजन उरत नसे. जे काही टिकले ते मुख्यतः एखाद्या वर्गणीदाराच्या माळ्यावरील खोक्यात राहून गेले म्हणून.

अशा कागदांचे प्रामाण्य कसे असते, हे तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरातील खेळाडूंसाठी आर्नेसन एक वार्तापत्र काढीत असत. १७ एप्रिल १९७१ रोजी आपल्या घरी मध्ययुगीन वातावरणाचा व काल्पनिक प्राण्यांचा समावेश असलेला डाव होणार असल्याची सूचना त्यात आढळते. आर्नेसन यांच्या उत्तरकालीन आठवणी खेळाच्या स्फूर्तीविषयी पुष्कळ सांगतात. तारखेचा आधार मात्र ही सूचनाच देते. अर्थात सूचना योजनेचा पुरावा असतो, प्रत्यक्ष काय खेळले गेले याचा नव्हे, हा विवेक येथेही पाळावा लागतो. दुसरे उदाहरण ‘डोम्सडे बुक’ या पत्रकाचे. त्याच्या तेराव्या अंकात, १९७२ मध्ये, आर्नेसन यांनी आपल्या ‘ब्लॅकमूर’ या कल्पित प्रदेशाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यामुळे सहकार्याने लिहिलेले पुस्तक निघण्यापूर्वी दीड वर्ष तो प्रदेश अस्तित्वात होता, हे निर्विवाद ठरते.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. गायगॅक्स व जेफ पेरन यांच्या ‘चेनमेल’ या १९७१ मधील नियमपुस्तिकेला जोडलेले अद्भुत युद्धाचे परिशिष्ट हे या परंपरेतील एक मूलस्थान मानले जात होते. २०१६ मध्ये अभ्यासक जॉन पीटरसन यांनी ‘द कूरियर’ या न्यू इंग्लंडमधील पत्रकाचा १९७० मधील एक अंक निदर्शनास आणला. त्यात लेनर्ड पॅट यांनी टॉल्किन यांच्या सृष्टीवर आधारलेले नियम दिले आहेत, आणि त्यांतील वीर, मांत्रिक व अग्निगोल यांविषयीच्या तरतुदींचे ‘चेनमेल’शी असलेले साम्य योगायोगाने पडण्याजोगे नाही. तोपर्यंत गायगॅक्स (२००८) व आर्नेसन (२००९) हे दोघेही निवर्तले होते. साक्षीदार असताना प्रश्न विचारला गेला नाही, कारण प्रश्न निर्माण करणारा कागदच समोर नव्हता.

प्रकाशित खेळाच्या प्रतींचेही पाठभेद पाहावे लागतात. आरंभीच्या छपाईतील ‘हॉबिट’ हा शब्द टॉल्किन यांच्या साहित्याच्या हक्कधारकांनी हरकत घेतल्यावर पुढील छपाईत ‘हाफलिंग’ झाला, ‘एंट’चा ‘ट्रीएंट’ झाला. तेव्हा ‘मूळ पुस्तकात असे आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही; कोणत्या छपाईची प्रत, हे सांगणे अवश्य ठरते.

येथे संग्राहकाची भूमिका महत्त्वाची व काहीशी द्विधा आहे. त्याने जपले नसते तर हे साधन उरलेच नसते. परंतु बाजाराची दृष्टी आणि इतिहासाची दृष्टी एक नव्हे. बाजार कोरा, स्वच्छ अंक मागतो. पहिल्या हजार प्रतींपैकी एखादी लाकडी रंगाच्या पेटीतील प्रत मोठ्या किमतीला जाते. संशोधकाला याच्या उलट, पत्त्याची चिठ्ठी, डाकेचा शिक्का, समासातील पेन्सिलीच्या खुणा आणि सलग अंकमाला हवी असते. कारण अंक कोणाच्या हाती केव्हा पडला, हे त्यांवरूनच कळते. निवडक अंक वेगळे विकल्याने माला तुटते व प्रत्येक अंकाचा संदर्भ क्षीण होतो.

किरकोळ छापील कागदांना ग्रंथालयात स्थान मिळणे हीही तशी अलीकडची गोष्ट आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक जॉन जॉन्सन यांनी तिकिटे, जाहिराती, खेळांचे कागद इत्यादींचा जो प्रचंड संग्रह केला, तो १९६८ मध्ये बॉडलियन ग्रंथालयात आला. पटखेळांच्या पत्रकांचा मोठा भाग मात्र अद्याप खाजगी हातांत आहे. पीटरसन यांचा २०१२ मधील ‘प्लेइंग ॲट द वर्ल्ड’ हा ग्रंथ अशा पत्रकांच्या परिश्रमपूर्वक संग्रहावरच उभा आहे. यावरून संग्राहक व इतिहासकार एकाच व्यक्तीत आले तर काय साधते, हे दिसते.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला बखर व अस्सल कागद यांतील भेद नवा नाही. प्रस्तुत प्रकरणाचे वैशिष्ट्य एवढेच की येथे बखरकार स्वतः घटनेचे नायक होते, आणि अस्सल कागद रद्दीच्या भावाचा होता. कागद सर्व सांगत नाही. परंतु तो नंतर आठवून लिहिलेला नसतो, हेच त्याचे बळ आहे. म्हणून अशा संग्रहांच्या सूची तयार होणे व माला न तोडता त्या सार्वजनिक ग्रंथालयात पोचणे, हे काम त्यांतील जांभळी अक्षरे वाचता येत आहेत तोवरच व्हावयास हवे.