कपाळावरून उतरलेलं नाक

नगर रस्त्यावर शिरूरच्या आसपास, नाहीतर सोलापूर रस्त्यावर यवत-पाटसकडे दुचाकी घसरते आणि तोंडावर पडलेल्या माणसाला घेऊन नातेवाईक पुणं गाठतात. नुसतं हाड मोडलं असेल तर डॉक्टर ते जागेवर बसवतात. पण नाकाचा शेंडाच गेला असेल, किंवा कर्करोगामुळे नाकाचा मोठा भाग काढावा लागला असेल, तर प्लास्टिक सर्जनची नजर रुग्णाच्या कपाळाकडे जाते. नव्या नाकाला लागणारी कातडी तिथून येते. ही युक्ती परदेशातून आपल्याकडे आली असं पुष्कळांना वाटतं. प्रवास उलट झाला आहे, आणि तो पुण्याजवळून सुरू झाला.

ऑक्टोबर १७९४. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं, सोबत एका माणसाच्या चेहऱ्याचं चित्र. माणसाचं नाव कावसजी. नाव पारशी वाटतं, पण पत्रात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटलं आहे. साहेबाच्या कानानं मूळ नावाचं काय केलं असेल कुणास ठाऊक. इंग्रजी फौजेत तो बैल हाकत असे. १७९२च्या म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परतला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्यानं त्याला नवं नाक बसवून दिलं.

हे होताना थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर पाहत होते. चित्र काढलं जेम्स वेल्सनं. सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना ज्यानं रंगवलं तोच हा वेल्स. बैल हाकणाऱ्याच्या वाट्याला पेशव्यांचा चित्रकार आला, तो नाकामुळे. शस्त्र चालवणाऱ्याचं नाव मात्र छापील वृत्तांतात नाही.

त्यानं काय केलं ते पत्रात बारकाईनं दिलं आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून चांगल्या नाकाचा आकार दिला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि कडेनं रेघ ओढली. रेघेच्या आतली कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी न कापता राखली. थोटकावरचा जुना वण खरवडून ताजा केला, नाकपुड्यांच्या कडेनं आणि वरच्या ओठावर चीर दिली, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली आणि तिची कड त्या चिरेत बसवली. वर पाण्यात कालवलेला कात फासलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या, एकावर एक. भूल नव्हतीच; ईथर यायला अजून पन्नासेक वर्षं होती.

पुढची पथ्यं वाचताना आजच्या डॉक्टरलाही मान डोलवावी लागेल. पाच-सहा दिवस उताणं झोपायचं. चार दिवस पट्ट्यांना हात लावायचा नाही, मग तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती मधली पट्टी कापायची.

माझ्या मते सगळं कसब या पंचवीस दिवसांत आहे. भुवईच्या आतल्या टोकाशी एक बारीक रोहिणी वर कपाळाकडे जाते. पट्टी शाबूत असेतो तिचं रक्त उलट्या टांगलेल्या कातडीला मिळत राहतं. दरम्यान नाकाच्या जागेतून नव्या रक्तवाहिन्या त्या कातडीत शिरतात. त्याआधी पट्टी तोडली तर नाक काळं पडून गळेल. आजही पट्टी साधारण तिसऱ्या आठवड्यानंतरच कापतात.

याचं श्रेय आपण झटकन सुश्रुताला देऊन मोकळे होतो. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे हे खरंच: झाडाच्या पानाचं माप, श्वासासाठी नळ्या, वर तिळाचं तेल. पण तिथं कातडी गालाची आहे. गालावरून ती कपाळावर कधी नि कुणी नेली हे कुठल्या ग्रंथात सापडत नाही. ती हातोहात, बापाकडून लेकाकडे गेलेली विद्या दिसते. संहितेचा मान ठेवूनही सांगायला हवं, की लंडनला पोचलं ते विटा करणाऱ्याचं कपाळ, सुश्रुताचा गाल नव्हे.

तिथं जोसेफ कार्प्यू या सर्जननं आधी मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ला एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. १८१६त त्यानं पुस्तक काढलं, १८१८त जर्मनीत ग्रेफ या सर्जनचं आलं, आणि मग ती युरोपभर पसरली.

धडधाकट नाक नुसतं सुबक करून घेण्याची शस्त्रक्रिया फार नंतरची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. अमेरिकेत जॉन रो आणि बर्लिनमध्ये जॅक जोसेफ हे तिचे आद्य सर्जन. तिच्यात कपाळाला धक्का लागत नाही. आतलं हाड आणि कूर्चा घडवतात. आठवडाभर नाकावर साचा, डोळ्यांखाली दोनेक आठवडे काळंनिळं, उशाला उंची, नाक शिंकरायचं नाही, काही आठवडे चष्म्याचा भार नको. शेंड्याची सूज उतरायला वर्षही लागतं, म्हणून महिन्याभरात आरशाशी भांडू नये.

कपाळाची कातडी घेतलेल्याची गोष्ट निराळी. तो तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत सोंडेसारखी लोंबती पट्टी घेऊन वावरतो. दौंडच्या गाडीत शेजारचे टक लावून बघणार, घरची पोरं बिचकणार; ही कल्पना घरच्यांना आधीच दिलेली बरी. विडी-सिगारेट सोडावीच लागते, कारण तंबाखूनं त्या बारीक रोहिण्या आकसतात. कपाळ अरुंद असेल तर केसांच्या रेषेतली कातडी नाकाच्या शेंड्यावर येते आणि तिथं केस उगवतात, तेही आधीच विचारून घ्यावं. पट्टी कापल्यावर भुवई जागेवर येते, पण कपाळाचा काही भाग बरेच महिने बधिर राहतो आणि जाड वाटणारं नाक पातळ करायला कधीकधी आणखी एकदा टेबलावर जावं लागतं.