पूर्व विदर्भातील तलावांवरील मासेमारी हक्क

पूर्व विदर्भातील तलावांवरील मासेमारी हक्क म्हणजे महाराष्ट्रातील नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील तलाव, बोड्या व धरणांचे जलाशय यांत मासे पकडणे, शिंगाडा-कमळ यांसारखे जलोत्पादन घेणे आणि त्यासाठी पाण्यापर्यंत पोहोचणे यांविषयीचे रूढिगत व कायदेशीर हक्क होत. या हक्कांचा संबंध प्रामुख्याने ढीवर (धीवर), केवट, कहार व भोई या भूमिहीन वा अल्पभूधारक समाजांशी आणि जंगलालगतच्या आदिवासी समाजांशी येतो. मालगुजारीच्या काळात हे हक्क गावच्या वहिवाटीवर आधारलेले होते. १९५१ नंतर त्यांची जागा टप्प्याटप्प्याने शासकीय ठेका आणि परवाना यांनी घेतली. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना काही प्रमाणात पुन्हा 'हक्क' असे स्वरूप दिले.

पार्श्वभूमी

वैनगंगा नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश भातशेतीचा आहे. येथील पाऊस पुरेसा असला तरी त्याच्या खंडामुळे भाताचे पीक धोक्यात येते. त्यामुळे उतारावर मातीची पाळ घालून पाणी अडवण्याची पद्धत येथे पूर्वापार रूढ झाली. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास तलावाखाली भिजणारी जमीन देण्याचे धोरण ठेवले होते, अशी परंपरा सांगितली जाते. तलाव बांधण्याच्या कामात कोहळी समाज विशेष निष्णात होता. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी याने बांधल्याचे मानले जाते. लहान-मोठे मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव या प्रदेशात आहेत. ते आज 'माजी मालगुजारी तलाव' किंवा संक्षेपाने 'मामा तलाव' या नावाने ओळखले जातात. भंडारा जिल्ह्यास 'तलावांचा जिल्हा' असे म्हटले जाते.

तलावाचे पाणी शेतकऱ्यांकडे जात असले, तरी तलावातील जीवसृष्टीवर ढीवर समाजाचा निर्वाह चाले. मासेमारी, शिंगाड्याची लागवड, कमळाचे कंद व फुले गोळा करणे आणि नाव चालवणे ही त्यांची पारंपरिक कामे होत. महाराष्ट्र शासनाच्या वर्गीकरणात भोई आणि तत्सम जातींसह ढीवर, केवट व कहार यांचा समावेश भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात होतो. समाजाकडे शेतजमीन फारशी नसल्याने तलाव हेच त्याचे मुख्य उपजीविकेचे साधन राहिले आहे.

मालगुजारीचा काळ

१८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली व नागपूर ही त्याची राजधानी झाली. त्यानंतरच्या जमीन महसूल बंदोबस्तात मालगुजारांना गावांवर मालकी हक्क देण्यात आले आणि गावातील तलावही त्यांच्या मालकीचे झाले. मात्र गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क पूर्णतः संपुष्टात आले नाहीत. सरपण, चराई, पाणी इत्यादी गरजा भागवण्याच्या हक्कांना 'निस्तार' अशी संज्ञा होती, तर गावाच्या रूढींची नोंद 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात होत असे. ढीवर कुटुंबांना मासेमारीची मुभा बहुधा मालगुजाराच्या संमतीने व मोबदल्यात मिळे. हा हक्क समान पायावरचा नव्हता. तरीही तो गावापुरता मर्यादित होता आणि बाहेरच्या व्यक्तीला त्यात सहसा शिरकाव करता येत नसे.

१९५१ नंतरचे बदल

नागपूर येथील विधानसभेने संमत केलेल्या 'मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियम, १९५०' नुसार ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली. खाजगी मालकीत राहिलेले काही तलाव वगळता बहुसंख्य तलाव शासनाकडे निहित झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. पुढे लहान तलावांचे व्यवस्थापन जिल्हा परिषदांकडे, तर मोठ्या तलावांचे पाटबंधारे विभागाकडे गेले.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भासाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांविषयीच्या स्वतंत्र तरतुदी कायम ठेवण्यात आल्या. कलम १६५ नुसार गावातील मासेमारीच्या रूढीची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये करता येते. परंतु ही तरतूद राज्य शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या, नियंत्रणाखालील किंवा व्यवस्थापनाखालील नसलेल्या जमिनी व पाण्यापुरतीच आहे. बहुसंख्य तलाव शासनाकडे आल्यामुळे मासेमारीची जुनी रूढी या तरतुदीच्या कक्षेबाहेर गेली. मालगुजारापासून मुक्त झालेला तलाव गावाच्या ताब्यात न येता शासकीय मालमत्ता बनला, हा या बदलाचा व्यावहारिक परिणाम होय.

सहकारी संस्था व ठेका पद्धती

शासकीय तलावांतील मासेमारीचे हक्क ठरावीक मुदतीसाठी ठेक्याने दिले जातात. त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य देण्याचे धोरण आहे. या संस्था सहकार कायद्याखाली नोंदवलेल्या असतात. त्या मत्स्यबीज विकत घेऊन तलावात सोडतात, सभासदांमार्फत मासेमारी करतात व शासनास ठेक्याची रक्कम भरतात.

या पद्धतीमुळे ढीवर समाजास संघटित स्वरूपात तलावांवर प्रवेश मिळाला. परंतु तिच्या मर्यादाही दिसून येतात. पाऊस कमी झाल्यास किंवा सिंचनासाठी तलाव लवकर रिकामा केल्यास मत्स्योत्पादन बुडते. ठेक्याची रक्कम मात्र ठरलेली असते. भांडवलाअभावी संस्थेला व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते. अशा वेळी संस्था नावापुरती राहून प्रत्यक्ष व्यवहार व्यापाऱ्याच्या हाती जाण्याचा धोका निर्माण होतो. पाणी सोडण्याचा निर्णय पाटबंधारे यंत्रणा व लाभधारक शेतकरी घेतात. त्यामुळे शेतीची गरज आणि माशांसाठी तलावात किमान साठा राखण्याची गरज यांत अनेक गावांत तणाव असतो.

कोकणातील कोळी समाजाची स्थिती याहून वेगळी आहे. खुला समुद्र कोणा एका व्यक्तीच्या मालकीचा नसतो आणि तेथील संघर्ष मुख्यतः किनाऱ्याचा वापर व यांत्रिक मासेमारी यांभोवती असतो. तलावाला मात्र नेहमीच कोणीतरी मालक असतो. म्हणून अंतर्गत भागातील मच्छीमाराचा पाण्यावरील प्रवेश त्या मालकाच्या संमतीवर अवलंबून राहतो.

मोठे प्रकल्प आणि विस्थापन

विसाव्या शतकात या प्रदेशात मोठी धरणे झाली. नागपूर जिल्ह्यात रामटेकजवळचा खिंडसी तलाव १९१३ मध्ये बांधण्यात आला. वैनगंगेवरील गोसीखुर्द (इंदिरा सागर) प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले. त्याच्या बुडीत क्षेत्रात भंडारा जिल्ह्याबरोबरच नागपूर जिल्ह्यातील कुही व भिवापूर तालुक्यांतील गावेही आली. विस्थापितांची नुकसानभरपाई मुख्यतः जमीन व घर यांच्या मालकीवर ठरते. नदीवर मासेमारी करणाऱ्या कुटुंबाच्या नावावर शेतजमीन नसल्यास त्याच्या उपजीविकेची हानी या हिशेबात पुरेशी धरली जात नाही. त्यामुळे नव्या जलाशयातील मासेमारीवर प्रकल्पग्रस्तांचा प्रथम हक्क मान्य करावा, ही मच्छीमार संघटनांची मागणी राहिली आहे.

तोतलाडोह प्रकरण

पेंच नदीवरील तोतलाडोह धरण हा महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांचा संयुक्त प्रकल्प आहे. धरण नागपूर जिल्ह्यातील रामटेक तालुक्यात असून जलाशय दोन्ही राज्यांत पसरला आहे. नदीच्या खालच्या अंगास नवेगाव खैरी येथे दुसरे धरण असून त्यातून नागपूर शहरास पाणीपुरवठा होतो. जलाशयाच्या दोन्ही बाजूंस पेंच राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र आहे. मध्य प्रदेशातील पेंच १९९२ मध्ये, तर महाराष्ट्रातील पेंच १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले.

मध्य प्रदेश शासनाने उद्यानाच्या क्षेत्रात पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना तोतलाडोह जलाशयात मासेमारीचे ३०५ परवाने दिले. त्याविरुद्ध 'ॲनिमल अँड एन्व्हायर्नमेंट लीगल डिफेन्स फंड' या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. मासेमारीमुळे जलाशयातील जीवसृष्टीस व व्याघ्र अधिवासास धोका पोहोचेल, असे याचिकाकर्त्या संस्थेचे म्हणणे होते. १९९७ मध्ये दिलेल्या निर्णयात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. जंगलाच्या नाजूक परिसंस्थेचे रक्षण आवश्यक असले, तरी तेथे पूर्वी राहणाऱ्या आदिवासींच्या उदरनिर्वाहाचाही योग्य विचार झाला पाहिजे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. परवानाधारकांना छायाचित्रासह ओळखपत्र देणे, त्यांनी उद्यानाच्या अन्य भागांत न जाणे, काठावर आग न पेटवणे व कचरा न टाकणे अशा अटी घालण्यात आल्या. उद्यानाची अंतिम अधिसूचना त्वरेने काढण्याचेही निर्देश देण्यात आले.

हा निर्णय संरक्षित क्षेत्रातील उपजीविकेच्या चर्चेत वारंवार उद्धृत केला जातो. मात्र तो मध्य प्रदेशाने दिलेल्या परवान्यांपुरता होता. महाराष्ट्राच्या हद्दीत राष्ट्रीय उद्यानातील मासेमारी प्रतिबंधितच राहिली. परिणामी एकाच जलाशयाच्या दोन बाजूंच्या मच्छीमारांची कायदेशीर स्थिती भिन्न झाली.

वनहक्क कायदा व पेसा

'अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६' मधील कलम ३(१)(ड) नुसार पाणवठ्यांतील मासे व अन्य उत्पादने यांवरील सामूहिक हक्कास मान्यता मिळाली. कलम ३(१)(ब) मध्ये निस्तार हक्कांचाही समावेश आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) व मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. देशातील अशा प्रकारच्या सुरुवातीच्या मान्यतांमध्ये त्यांची गणना होते. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना हे हक्क प्राप्त झाले.

ढीवर समाज अनुसूचित जमातींत मोडत नसल्याने त्याला 'इतर पारंपरिक वननिवासी' या वर्गात दावा करावा लागतो. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या ठिकाणी वास्तव्य व वनावरील अवलंबन सिद्ध करणे आवश्यक असते. ज्यांच्या हक्काची नोंद कागदोपत्री कधी झालीच नाही, त्यांच्यासाठी ही अट जाचक ठरते.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपवले आहे. मात्र पूर्व विदर्भातील अनुसूचित क्षेत्र गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतच आहे. तलावांसाठी प्रसिद्ध असलेले भंडारा व गोंदिया, तसेच नागपूर हे जिल्हे या तरतुदीबाहेर राहतात.

परिसंस्था आणि स्त्रियांचा सहभाग

हक्क मिळूनही तलाव नापीक झाल्यास त्याचा उपयोग राहत नाही. गाळ साचणे, काठावरील अतिक्रमणे, बेशरम या वनस्पतीची बेसुमार वाढ आणि रोहू, कटला, मृगळ यांसारख्या बाहेरून सोडलेल्या जातींवर दिलेला भर यांमुळे मरळ, वाम इत्यादी स्थानिक मासे कमी झाले आहेत. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर व भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढीवर समाजाच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम केले. तलावातील तण काढणे, स्थानिक पाणवनस्पतींची लागवड करणे आणि स्थानिक माशांचे संवर्धन करणे हे या कामाचे प्रमुख भाग आहेत.

मासे विकण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. मात्र मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासदत्व दीर्घकाळ मुख्यतः पुरुषांकडे राहिले. तलावाच्या पुनरुज्जीवनाच्या कामांत स्त्रियांचे गट पुढे आल्यानंतर त्यांच्या सभासदत्वाचा व निर्णयप्रक्रियेतील सहभागाचा प्रश्नही पुढे आला.

हेही पाहा

माजी मालगुजारी तलाव
ढीवर
पेंच राष्ट्रीय उद्यान
गोसीखुर्द प्रकल्प
वनहक्क कायदा, २००६