ल्युकेमिया झालेल्या मुलांतील अंतर्गत बुरशीसंसर्ग

रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या मुलाच्या रक्तात, फुप्फुसांत, यकृतात, सायनसमध्ये किंवा मेंदूत बुरशी शिरून होणारा जीवघेणा संसर्ग. केमोथेरपीनंतर काउंट पडतात, म्हणजे न्यूट्रोफिल पेशी दर घनमिलिमीटरला 500 च्या खाली जाऊन बरेच दिवस वर येत नाहीत, तेव्हा धोका सर्वाधिक असतो. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया आणि उलटलेला लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया यांत तो विशेष. कॅन्डिडा व अ‍ॅस्परजिलस या मुख्य बुरशी.

पक्क्या पुराव्यासाठी थांबून चालत नाही. प्रतिजैविके देऊनही 96 तासांत ताप उतरला नाही, तर जास्त धोक्याच्या मुलाला लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी किंवा कॅस्पोफंजिन सुरू करतात आणि छातीचा सीटी स्कॅन काढतात. रक्तात कॅन्डिडा सापडल्यास शिरेतली मध्यवर्ती नळी शक्यतो काढतात. रक्त बुरशीमुक्त झाल्यावरही 14 दिवस औषध चालते. अ‍ॅस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल प्रभावी आहे. लहान मुलांचे शरीर ते इतक्या वेगाने संपवते की, 2 ते 11 वर्षे वयात शिरेतून देण्याची नेहमीची मात्रा किलोमागे 8 मिलिग्रॅम, प्रौढांच्या दुप्पट असते. तरीही रक्तातली पातळी मोजावीच लागते.

सर्वांत नाजूक प्रश्न विन्क्रिस्टीनचा. सदाफुलीपासून मिळणारे हे औषध लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचारात जवळपास अटळ आहे. व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल व इट्राकोनॅझोल त्याचा यकृतातील निचरा रोखतात. मग पोट फुगते, शौचास होत नाही, पावले लोंबतात, सोडियम घसरून झटकेही येतात. म्हणून अशा मुलाच्या बद्धकोष्ठतेची तक्रार किरकोळ समजू नये. विन्क्रिस्टीनच्या दिवसांत ही औषधे टाळून अ‍ॅम्फोटेरिसिन किंवा कॅस्पोफंजिनकडे वळणे श्रेयस्कर. अ‍ॅम्फोटेरिसिन मात्र मूत्रपिंडांना जड जाते, पोटॅशियम घटवते. ते 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, सलाइनमध्ये त्याचा साका होतो.

म्यूकर या बुरशीवर व्होरिकोनॅझोल चालत नाही. तिथे अ‍ॅम्फोटेरिसिनला शस्त्रक्रियेची जोड लागते, आणि स्टेरॉइडमुळे वाढलेली साखरही आटोक्यात आणावी लागते.

काउंट वाढू लागले की सीटीवरची सावली काही दिवस मोठी दिसू शकते. मूल सुधारत असेल, तर केवळ तेवढ्यावरून औषध बदलू नये. संसर्ग आटोक्यात आल्यावर बुरशीविरोधी औषध चालू ठेवूनच केमोथेरपी पुन्हा सुरू करतात. शेवटचा डाग पुसला जाईपर्यंत ती लांबवली, तर मूळ कर्करोग उलटण्याची भीती असते.