अल्झायमर आणि धातू: दोष घरातल्या भांड्यांचा आहे का?

घरातल्या वडीलधाऱ्यांना विसर पडू लागला की नांदेड-लातूर भागातले नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, जन्मभर जर्मनच्या पातेल्यात स्वयंपाक झाला, त्यामुळे तर हे झालं नाही ना?" थोडक्यात सांगायचे तर धातूंचा या आजाराशी संबंध आहे, पण तो मेंदूतल्या धातूंचा. भांडी बदलून आजार टळतो, असे सिद्ध झालेले नाही.

मेंदूत काय घडते?
अल्झायमरमध्ये दोन प्रथिने बिघडतात. अमायलॉइड बीटा पेशींच्या बाहेर साचून गुठळ्या करते, त्यांना प्लाक म्हणतात. टाऊ हे प्रथिन पेशींच्या आत गुंता करते.

जस्त, तांबे आणि लोह मेंदूला रोज लागतात. काही चेतापेशी संदेश देताना जस्त बाहेर सोडतात. या धातूंचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, अमायलॉइडला चिकटतात. जस्तामुळे या प्रथिनाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन गुठळी लवकर बनते. तांबे आणि लोह यांच्यामुळे पेशींना इजा करणारे हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे पदार्थ तयार होतात. प्लाकमध्ये हे तिन्ही धातू जास्त प्रमाणात सापडले आहेत. मात्र ते आजाराचे कारण आहेत की परिणाम, यावर अजून एकमत नाही.

ॲल्युमिनियमची भीती कुठून आली?
१९६५ मध्ये सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर पेशींत गुंता दिसला. पुढे १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातील ॲल्युमिनियममुळे काही रुग्णांच्या मेंदूवर परिणाम झाला. हे दोन्ही बिघाड अल्झायमरपेक्षा वेगळे होते. जेवणातून पोटात जाणारे बहुतेक ॲल्युमिनियम शरीरात शोषलेच जात नाही. तरीही चिंच, टोमॅटो, ताक असे आंबट पदार्थ जर्मनच्या किंवा कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका.

धातू काढून टाकले तर?
हा प्रयोग झाला आहे. लोह कमी करणारे डेफेरिप्रोन हे औषध अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिले. २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: औषध घेणाऱ्यांची बुद्धीची घसरण उलट वेगाने झाली. म्हणून 'शरीरातले धातू काढतो' असे सांगणाऱ्या 'चिलेशन'च्या सलाईनवर पैसे घालवू नका. रक्त कमी म्हणून दिलेल्या लोहाच्या गोळ्याही अल्झायमरच्या भीतीने बंद करू नका.

तुम्ही काय करावे?
नुकतीच झालेली गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांच्या हिशेबात गोंधळ होणे ही लक्षणे 'वय झालं' म्हणून सोडू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा काही गोळ्यांमुळेही विसर पडतो, आणि वेळेत उपचार केले तर तो बऱ्याचदा सुधारतो. तपासणीसाठी नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था गाठता येईल. जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्या.

लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण १४ टाळता येण्याजोग्या घटकांशी जोडलेले आहेत. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, धूम्रपान आणि एकटेपणा त्यांत आहेत. भांडी बदलण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासा, आणि ऐकू कमी येत असेल तर कानाचे यंत्र घ्या.