चंडीपुरा विषाणू
ऱ्हॅब्डोव्हिरिडी कुलातील, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा विषाणू. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) १९६५ मध्ये नागपूर येथील दोन ज्वरग्रस्तांच्या रक्तातून तो वेगळा केला. तेथील चंडीपुरा या स्थळावरून त्यास हे नाव पडले. त्याचा प्रसार मुख्यतः वाळूमाशीमुळे होतो. विषाणूच्या आवरणावर जी-ग्लायकोप्रथिनाचे काटे असून त्यांच्या साहाय्याने तो आश्रयी कोशिकेस (पेशीस) चिकटतो. कोशिकेने त्यास पुटिकेत ओढून घेतल्यावर तेथील अम्लतेने या प्रथिनाची घडण बदलते, विषाणूचे आवरण व पुटिकेचे पटल एकजीव होतात आणि विषाणूचे आरएनए कोशिकाद्रवात उतरते. २००३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील मस्तिष्कशोथाच्या साथीत ३२९ मुलांना बाधा होऊन १८३ दगावली. साथीचे कारण हाच विषाणू ठरला. जी-प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे विषाणूस निष्प्रभ करतात. त्यामुळे लसविषयक प्रयोगांत याच प्रथिनाचा उपयोग करण्यात आला.