माहिती-प्रपात

एकामागून एक निर्णय घेणाऱ्या समूहात, आधीच्यांनी काय निवडले ते दिसत असल्यामुळे पुढची माणसे स्वतःजवळची माहिती बाजूला ठेवून तीच निवड करू लागतात, ती अवस्था. यात कोणी आंधळेपणाने वागत नाही. प्रत्येकाचा हिशेब बरोबर असूनही समूह चुकू शकतो, हा गेम थिअरीतला खरोखर अस्वस्थ करणारा विरोधाभास आहे.

१९९२ मध्ये ही कल्पना दोन स्वतंत्र लेखांतून पुढे आली. एक सुशील बिखचंदानी, डेव्हिड हर्शलायफर आणि आयव्हो वेल्श यांचा. दुसरा अभिजित बॅनर्जी यांचा. मुंबईत जन्मलेल्या, आईकडून मराठी असलेल्या बॅनर्जींना पुढे २०१९ चे नोबेल मिळाले, ते दारिद्र्यावरील प्रयोगांसाठी. त्यांच्या लेखात शेजारीशेजारी दोन उपाहारगृहे आहेत. शंभरांपैकी नव्याण्णव जणांना दुसरे चांगले असल्याचे कळलेले असते, पण पहिल्याकडे झुकलेला एकटा माणूस रांगेत सर्वांत आधी असतो. सर्वसाधारण समजही किंचित पहिल्याच्या बाजूने असेल, तर अखेर शंभरही जण पहिल्यातच जेवतात.

यंत्रणा गोट्यांच्या खेळातून स्पष्ट होते. (लिसा अँडरसन व चार्ल्स होल्ट यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच धर्तीचा होता.) एका भांड्यात दोन लाल व एक पांढरी गोटी, दुसऱ्यात दोन पांढऱ्या व एक लाल. यांपैकी एकच भांडे समोर असते. प्रत्येकाने त्यातून एक गोटी गुपचूप काढून, पाहून परत टाकायची आणि मग ते भांडे कोणते हे मोठ्याने सांगायचे. पहिल्या दोघांनी ‘लाल’ म्हटले की तिसऱ्याच्या हाती पांढरी आली तरी दोनास एक असा कौल लालकडेच जातो. तोही ‘लाल’ म्हणतो. त्याच्या उत्तरातून चौथ्याला नवे काहीच कळत नाही, पाचव्यालाही नाही. पहिली दोन उत्तरे वेगळी निघाली, तर खेळ पुन्हा मूळपदावर येतो. या मांडणीत प्रपात चुकीच्या दिशेने जाण्याची शक्यता सुमारे १/५ राहते, मग रांगेत दहा माणसे असोत की दहा लाख. हीच माणसे उत्तरांऐवजी गोट्यांचे रंग सांगतील, तर मोठ्या समूहाची चूक जवळजवळ नाहीशी होईल.

प्रपात ठिसूळही असतो. लाखोंचे एकमत दोनच गोट्यांवर उभे असल्याने थोडी नवी, उघड माहिती ते उलटवू शकते.

समाजमाध्यमांवर लाइक आणि शेअरचे आकडे ‘आधीची उत्तरे’ होतात. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स व डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४,३४१ जणांना अपरिचित बँडांची ४८ गाणी ऐकवली. इतरांच्या डाउनलोडचे आकडे दिसणाऱ्या आठ वेगवेगळ्या गटांत यशस्वी गाणी वेगवेगळी ठरली. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, पण मधल्यांचे काय होईल, हे आधी सांगणे अवघड झाले.

उपाय क्रमाशी निगडित आहेत. प्राचीन ज्यू न्यायसभेत देहदंडाच्या खटल्यांत कनिष्ठ सदस्य आधी मत देत, म्हणजे ज्येष्ठांच्या मताचे दडपण त्यांच्यावर येत नसे. भारतात मतदान टप्प्याटप्प्याने होते, त्यामुळे आधीच्यांच्या कौलाचा नंतरच्यांवर प्रभाव पडण्याचा प्रश्न इथे प्रत्यक्षातला आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम शेवटचा टप्पा संपेपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करण्यास मनाई करते.